डिस्क वाकली म्हणण्याआधी मायक्रोमीटर लावा

हायवेला गाडी नव्वद-शंभरला आहे, पुढं ट्रॅक्टर दिसला म्हणून ब्रेक मारला आणि स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं, की कोल्हापुरात कुठल्याबी गॅरेजला जावा, निदान ठरलेलं आहे: "डिस्क वाकलीय." कारणही ठरलेलं. घाटात डिस्क तापली, वरनं पावसाचं गार पाणी पडलं, वाकली. दर पावसाळ्यात हेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि आपण पुढं पाठवतो. मग दोन्ही डिस्क बदलायच्या, नाहीतर लेथवर मारून, म्हणजे कातून सपाट करून घ्यायच्या, गाडी काही महिने एकदम झ्याक चालते आणि परत तेच थडथड सुरू. मग म्हणायचं पार्ट डुप्लिकेट निघाला.

पार्ट बहुतेक वेळा ओरिजिनलच असतो आणि डिस्कही बहुतेक वेळा वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नसते, भानगड ती आहे. आणि ही जाडी का बदलते ते एकदा कळलं की पैसे कुठं घालायचे आणि कुठं नाही हे आपोआप कळतं.

आधी डिस्क म्हणजे काय ते थोडक्यात. चाकाबरोबर फिरणारी बिडाची गोल तबकडी, तिच्या दोन्ही बाजूला पॅड, आणि पॅड दाबणारा कॅलिपर. कल्पना जुनी आहे, फ्रेडरिक लँचेस्टरनं इंग्लंडमध्ये १९०२ ला पेटंट घेतलं, पण नाव झालं १९५३ ला, जॅग्वारनं डिस्क ब्रेक लावून ल मां ची चोवीस तासांची रेस जिंकली तेव्हा. बीड कशाला वापरतात, स्टील का नाही? ग्रे कास्ट आयर्नमध्ये कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो, त्या पापुद्र्यांमुळं उष्णता झटकन पसरते आणि कंपनं आतल्या आत जिरतात. स्टीलची पट्टी टांगून हातोडीनं ठोकली तर घणघणत राहते, बिडाचा तुकडा ठोकला तर 'ठप्' करून गप. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको, त्याला आवाजावरनंच कास्टिंग कळतं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना फ्लोटिंग कॅलिपर असतो, म्हणजे पिस्टन (ऑइलच्या दाबानं पॅड डिस्कवर ढकलणारा दट्ट्या) फक्त आतल्या बाजूला आणि आख्खा कॅलिपर दोन पिनांवर डावीउजवीकडं सरकू शकतो. समजा डिस्क खरोखरच थोडी वाकली पण जाडी सगळीकडं तेवढीच आहे. ती फिरताना डावीकडं झुकली की कॅलिपरही तिच्याबरोबर डावीकडं सरकणार, उजवीकडं झुकली की उजवीकडं. दोन पॅडमधलं अंतर कायम राहिलं, म्हणजे पिस्टन जागचा हलला नाही, म्हणजे ऑइलचं प्रेशर बदललं नाही, म्हणजे ब्रेकचा जोर एकसारखाच राहिला. मग थडथड कशानं होणार?

जाडी बदलली की मात्र गोष्ट वेगळी. जाड भाग पॅडच्या मधी आला की तो दोन्ही पॅड फाकवतो आणि पिस्टन मागं ढकलला जातो. किती ढकलतो ते बघा. पिस्टनचा व्यास ५४ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ होतं साधारण २२९० चौरस मिलिमीटर. जाडीत २० मायक्रॉनचा फरक, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, धरला तर मागं ढकललेलं ऑइल ४६ घन मिलिमीटर. एक थेंब! पण ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळं त्या एका थेंबाला जायला जागा नाही, प्रेशर चढतं, ब्रेक जास्त आवळला जातो. पातळ भाग आला की प्रेशर उतरतं. चाकाच्या प्रत्येक फेरीला आवळ-सोड, आवळ-सोड. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी फरकात सव्वा टनाची गाडी हलते, याच्यावर माझा जीव जडलेला आहे आणि म्हणूनच हा लेख.

मग ही थडथड ठरावीक स्पीडलाच का? १८५/६५ आर १५ टायर घ्या, त्याचा घेर भरतो साधारण १.९५ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला जवळजवळ तेरा फेऱ्या. फेरीला एक झटका असेल तर १३ हर्ट्‌झ, डिस्कवर दोन जाड जागा असतील तर २६. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या जोडणीची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या साधारण दहा ते वीस हर्ट्‌झच्या आसपास असते, दोन्ही जुळलं की अनुनाद, शाळेत शिकलेला तोच. म्हणून ९० ला हात थरथरतात आणि ब्रेक दाबत दाबत ४० वर आला की सगळं शांत. दोष कुठंच गेलेला नसतो, फक्त लय चुकलेली असते.

जाडी बदलते कशी ते अजून भारी आहे. सुरुवात होते हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्याच्यावर बसतात त्या फिरत्या भागावर. डिस्क हबच्या सपाट तोंडावर बसते. त्या तोंडावर एका बाजूला गंजाचा पापुद्रा राहिला, समजा ०.०५ मिलिमीटर. हबच्या तोंडाचा व्यास १४० आणि डिस्कचा २५६ धरला तर कडेला झोल पडतो ०.०५ × २५६ ÷ १४०, म्हणजे ०.०९. बऱ्याच कंपन्या झोलाची मर्यादा ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान देतात, म्हणजे एवढ्याशा गंजानं आपण काठावर आलो. याला रनआउट म्हणतात. आत्ता लगेच थडथड होणार नाही, कारण जाडी अजून सारखी आहे आणि कॅलिपर सरकून घेतोय. पण ब्रेक सोडल्यावर काय होतं? डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागं ओढायला ड्रमसारखी स्प्रिंग नसते, पिस्टनभोवतीची चौकोनी रबरी सील दाबताना थोडी मुरडते आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला अगदी किंचित मागं घेते, बास. तेवढ्याशा फटीत झोल खाणारी डिस्क प्रत्येक फेरीला एकाच जागी पॅडला घासून जाते. ब्रेक मारलेला नसताना! टायरच्या वरच्या मापाप्रमाणं किलोमीटरला ५१२ फेऱ्या, पाच हजार किलोमीटरला पंचवीस लाखांवर. तेवढ्या वेळा एकच जागा खरवडली गेली की ती पातळ होणार नाही तर काय. म्हणजे नवी डिस्क टाकल्यावर काही महिने गाडी चांगली आणि मग परत थडथड, हे कोडं सुटलं. डिस्क बदलली, हबवरचा गंज तसाच ठेवला.

आणि आपल्याकडं गंजाला काय कमी आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर इंजिन, सीटा, वायरिंग सगळ्यांनी बघितलं, हबचं तोंड आणि कॅलिपरच्या पिना किती जणांनी बघितल्या? नट आवळण्याचीही तीच कथा आहे, इम्पॅक्ट गननं टरटर करून एकेक नट फुल टाइट करायचा, तोही समोरासमोरचा न घेता शेजारचा शेजारी, मग डिस्क हबवर तिरकी बसते.

दुसरा रस्ता पॅडमधनं येतो. पॅडच्या मालाचा एक पातळ थर डिस्कवर बसलेला असतो आणि तो बसायलाच पाहिजे, ब्रेक त्याच्यामुळंच नीट लागतो. पण घाट उतरून आला, ब्रेक लालबुंद तापलेत आणि खाली टपरीपाशी ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडखालच्या त्या एकाच जागी जास्त माल चिकटतो. तिथं घर्षण वाढतं, ती जागा अजून तापते, लय तापली तर तिथल्या बिडाची आतली घडणच बदलून तो डाग बाकीच्या डिस्कपेक्षा कडक होतो, वरनं निळसर दिसतो. अशी डिस्क लेथवर मारली तरी डाग आत खोल असतो, बाकीची डिस्क झिजते, डाग झिजत नाही, उंचवटा परत येतो.

वाकणं कधीच होत नाही असं मी म्हणत नाही. तापल्यावर डिस्क थोडी बशीसारखी होते आणि गार झाल्यावर परत येते, कास्टिंगमध्ये ताण राहून गेला असेल तर कायमची बदलूही शकते. पण पहिलं निदान ते नव्हे, शेवटचं.

खरं निदान मापानं करायचं. मला मनापासनं वाईट वाटतं ते इथंच, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, दर दुसऱ्या शेडमध्ये मायक्रोमीटर (जाडी मापायचा) आणि डायल गेज (फिरताना किती डुलतं ते मापायचं) पडलेलं असतं, आपल्या गावातली माणसं शतांश मिलिमीटरमध्ये बोलतात आणि डिस्क मात्र अंदाजानं बदलतात. चाक काढा, नट वॉशर लावून डिस्क हबवर नीट आवळा, डायल गेजचा पॉइंट कडेपासून दहा मिलिमीटर आत टेकवा आणि हळू फिरवा. तो झाला रनआउट. मग मायक्रोमीटरनं कडेपासून तेवढ्याच अंतरावर गोल फिरत आठ ठिकाणी जाडी घ्या. फरक ०.०१५ मिलिमीटरच्या वर असेल तर गुन्हेगार सापडला. रनआउट जास्त दिसला तर डिस्क काढून हबचं तोंड वायर ब्रशनं चकचकीत करा आणि परत मापा, पुष्कळदा तिथंच निम्मा फरक जातो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, उदाहरणार्थ नवी २२ ची असेल तर साधारण २० ला बाद, लेथवर मारून त्याच्या खाली जात असेल तर मारूच नका.

मापायच्या आधी एक साधी गोष्ट, ब्रेक न लावताच गाडी थरथरत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, व्हील बॅलन्सिंग बघा. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर संशय पुढच्या चाकांवर, स्टिअरिंग शांत आणि सीट हलली तर मागच्या. आणि खडीवर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाला टकटक मारतं ते एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे, त्याला काम करू द्या.

बाकीची दुखणी भराभर सांगतो. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आली तर तो रात्रीचा गंज, जातो. चालता चालता बारीक चीं चीं येते आणि ब्रेक मारल्यावर बदलते, तर पॅड संपल्याची सूचना देणारी पत्र्याची पट्टी असू शकते, पॅड उघडून बघा. घर्रघर्र लोखंडी आवाज आला तर गाडी तिथंच थांबवा. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल आणि थोडं फिरून आल्यावर एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम लागत असेल (रिमला थेट हात लावू नका, जवळ नेऊन बघा), तर त्या चाकाचा पिस्टन किंवा पिन जाम आहे. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक, तरी बहुतेक वेळा पिनच. ब्रेक ऑइलची पातळी कमी दिसली की लगेच वरनं ओतायचं नाही, पॅड झिजले की पिस्टन पुढं येतो आणि ऑइल त्याच्यामागं जातं, आधी पॅड आणि गळती बघा.

घाटाचं वेगळं सांगायला पाहिजे. प्रवाशांसकट १३०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर साधारण ६४ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जावी लागते, एवढ्यात वीस लिटर गार पाणी उकळेल. गगनबावड्यावरनं करूळ घाट न्यूट्रलला उतरणारा माणूस त्यातली बरीचशी चार चाकांत भरतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ (डॉटचा आकडा म्हणजे ऑइलचा दर्जा) कमीत कमी २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ती हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते, डॉट ४ ची २३० वरनं १५५. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल थेट खाली जातं. काही वळणांबद्दल सांगतात की तिथं ब्रेक लागतच नाहीत, जागा वाईट आहे, म्हणून तिथं नारळ आणि गाडीला लिंबू-मिरची. ती वळणं नकाशावर बघा, लांब उताराच्या शेवटाकडं येतात, तिथं पोचेपर्यंत ब्रेक पुरते तापलेले असतात. नारळ वाढवणाऱ्याच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही, पण दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलला पेट्रोल वाचतं हेही खरं नाही, इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. आणि भोकंवाल्या डिस्कची रील बघून हजारो रुपये घालणाऱ्यांनी आधी पिनांना ग्रीस आहे का बघावं.

डिस्क किंवा पॅड नवे टाकले असतील तर वर सांगितलेला थर नीट बसवून घ्या. मागं कोणी नसेल अशा मोकळ्या रस्त्यावर पहाटे जावा, साठवरनं मध्यम जोरानं पंधरापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, परत साठ, मधी अर्धा-एक किलोमीटर वारा लागू द्या, असं आठ-दहा वेळा. शेवटी ब्रेक न वापरता थोडं फिरवून गार करा, आणि घरी आल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये लावा.