तुडतुडे, पाणी आणि बालीची देवळं

मानवशास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याकडे अजूनही कवट्या मोजणारा किंवा दूरच्या पाड्यावर वही घेऊन बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे एका मानवशास्त्रज्ञाने भातावरच्या किडीचं गणित सोडवलं, असं सांगितलं की ऐकणारा बुचकळ्यात पडतो. जे. स्टीफन लॅन्सिंग हे ते अमेरिकी संशोधक. १९७०च्या दशकात ते इंडोनेशियातल्या बाली बेटावर काम करू लागले. विषय होता धर्म आणि देवळं. तिथून ते पाटाच्या पाण्याकडे, पाण्यावरून परिसंस्थेकडे आणि पुढे संगणकाकडे गेले. एका बेटाला धरून बसलेला अभ्यासक किती लांबवर पोचू शकतो, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

बालीत ज्वालामुखीच्या उतारांवर भातखाचरांच्या पायऱ्या आहेत. नद्या खोल घळींतून वाहतात, म्हणून पाणी बोगदे खणून, पाट काढून खाचरांपर्यंत आणावं लागतं. एकाच पाण्यावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना म्हणजे सुबाक आणि तिचा प्रमुख पेकासेह. पाट फुटतो तिथे एक लाकूड आडवं टाकलेलं असतं. त्यात खाचा पाडलेल्या असतात आणि ज्याचा जेवढा वाटा, तेवढी त्याची खाच रुंद. पाणी वाढो की आटो, वाटणीचं प्रमाण तेच राहतं. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हा सामुदायिक शिस्तीचा कारभार ओळखीचा वाटेल.

पण बालीत याच्या वर आणखी एक मजला आहे, तो जलमंदिरांचा. अनेक सुबाक मिळून एक देऊळ, अशी अनेक देवळं, आणि या सगळ्यांच्या वर बातुर ज्वालामुखीच्या विवराच्या काठावरचं उलुन दानू बातुर, म्हणजे सरोवराची देवता देवी दानू हिचं स्थान. या देवळांत सुबाकांचे लोक जमतात, पूजा होते आणि कोणी कधी पेरायचं, कधी शेत पडीक ठेवायचं तेही तिथेच ठरतं. त्यासाठी २१० दिवसांचं पंचांग वापरतात.

१९७०च्या दशकात हरितक्रांती आली. सरकारने बुटक्या, भरघोस जाती दिल्या, खतं आणि कीटकनाशकं दिली आणि सांगितलं की देवळाच्या तारखा सोडा, जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा भात लावा. थोड्याच वर्षांत पाण्याचा गोंधळ उडाला आणि भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांनी शेतं जाळल्यासारखी वाळवली. तुडतुडे सोसणारी जात आणली, तर टुंग्रो हा भाताचा विषाणूजन्य रोग आला. फवारण्या वाढवल्या, तर तुडतुडे खाणारे कोळीच आधी मेले. अखेर १९८६ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

आता मुख्य यंत्रणा बघू. तपकिरी तुडतुडा जवळपास फक्त भातावरच जगतो. मोठा पट्टा एकाच वेळी कापून पडीक ठेवला, तर त्याला खायला काही उरत नाही. पण पट्टा लहान असेल तर तो उडून शेजारच्या हिरव्या खाचरात जातो. म्हणजे किडीसाठी सगळ्यांनी एकदम पेरणं उत्तम. पाण्यासाठी मात्र तेच सर्वांत वाईट, कारण चिखलणीच्या वेळी सगळ्यांना एकदमच भरपूर पाणी लागतं.

वरच्या अंगाचा एक शेतकरी घ्या आणि खालच्या अंगाचा एक. पूर्ण पीक म्हणजे १. दोघांनी वेगवेगळ्या वेळी पेरलं तर पाणी पुरतं, पण किडीमुळे दोघांचंही ०.५ नुकसान होतं. हाती ०.५ आणि ०.५, एकूण १. दोघांनी एकदम पेरलं तर कीड नाही. वरच्याला १ मिळतं, पण खालच्याचं पाण्यावाचून ०.६ जातं आणि त्याला ०.४ उरतं. एकूण १.४. खालचा म्हणणार, मला वेगळं पेरणंच परवडतं. मग वरच्याने थोडं पाणी खाली सोडलं आणि हिशेब ०.८ आणि ०.६ असा झाला, तर? दोघंही आधीपेक्षा बरे. सर्वसाधारण नियम असा निघतो की टंचाईचं नुकसान किडीच्या नुकसानीच्या दुपटीपेक्षा कमी असेल तोवर एकत्र पेरण्यात एकूण फायदा आहे.

याचा अर्थ, किडीची भीती जितकी जास्त, तितकं वरच्याला खालच्याशी जुळवून घेणं भाग पडतं. पाटाच्या मुखाशी बसलेला माणूस पाणी सोडतो त्याचं कारण तुडतुडा आहे! लॅन्सिंग आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन मिलर यांनी हे गणित मांडलं. शेतकऱ्यांना विचारलं तेव्हा वरच्यांना किडीची चिंता जास्त निघाली आणि खालच्यांना पाण्याची.

दोघांचं जमलं, पण शेकड्यांचं काय? सागरी परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांच्यासोबत लॅन्सिंग यांनी ओस आणि पेतानू या दोन नद्यांवरच्या १७२ सुबाकांचं संगणकीय प्रारूप केलं. त्यात पाऊस, नदीचा प्रवाह, पिकाची वाढ आणि किडीचा प्रसार घातला. सुरुवातीला प्रत्येक सुबाकाला पिकाचं वेळापत्रक वाटेल तसं दिलं. नियम एकच : वर्षाअखेर शेजाऱ्यांकडे बघायचं आणि ज्याला जास्त पिकलं त्याचं वेळापत्रक उचलायचं. दहाएक वर्षांत एकत्र पेरणाऱ्या सुबाकांचे गट तयार झाले, उत्पन्न वाढलं, आणि ते गट खऱ्या जलमंदिरांच्या गटांशी बरेचसे जुळले. हे काम १९९३ साली प्रसिद्ध झालं.

बालीच्या खाचरांचे फोटो टाकून ‘पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं’ म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. तीर्थ शिंपडून तुडतुडा मरत नाही, तो उपासमारीने मरतो. देवळाने एवढंच साधलं की ठरलेली तारीख शेकडो कुटुंबांनी पाळली. ही मोठी गोष्ट आहे, पण ती माणसांनी केलेली आहे. आणि प्रारूपात तर सगळं जाणणारा कोणीच नव्हता, होतं ते शेजाऱ्याकडे पाहून शिकणं.

या कामावर टीकाही झाली. मानवशास्त्रज्ञ स्टेफन हेल्मराइख यांनी दाखवलं की प्रारूपात राजे, डच राजवट आणि सत्तेचं राजकारण जवळपास नाहीच. आक्षेप रास्त आहे. गट आपोआप जमू शकतात हे संगणक दाखवतो, पण बालीच्या इतिहासात ते तसेच जमले हे त्यातून सिद्ध होत नाही. किडीचं आणि पाण्याचं गणित मात्र त्या टीकेने ढळत नाही.

२०१२ साली युनेस्कोने बालीतल्या सुबाक प्रदेशाला जागतिक वारसा ठरवलं. आता संकट पर्यटनाचं आहे. खाचरं विकून हॉटेलं आणि बंगले उभे राहतात, आणि मधलं एक खाचर बुजलं की त्याखालच्यांचा पाट तुटतो. पाणीच येईना म्हटल्यावर खालच्याने वरच्याच्या तारखेला पेरायचं ते कशासाठी?