इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि छोट्या मोटारीची देखभाल (कोल्हापूर)

पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचे अल्कोहोल, मिसळून हे इंधन तयार होते. इथेनॉल १० टक्के असेल तर ई१०, २० टक्के असेल तर ई२०. २०२५ पासून देशातल्या बहुतेक पंपांवर मिळणारे साधे पेट्रोल ई२० आहे. कोल्हापूर जिल्ह्याचा या इंधनाशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. इथल्या उसापासून इथेनॉल होते आणि ते इथल्याच अल्टो, वॅगनआर, सँट्रोच्या टाकीत येते. कारखान्याने इथेनॉल काढावे म्हणून आग्रह धरणारा सभासद आणि गॅरेजमध्ये ‘ॲव्हरेज पडलंय’ म्हणून तक्रार करणारा गाडीमालक हा या जिल्ह्यात पुष्कळदा एकच माणूस असतो.

देशात या कार्यक्रमाची सुरुवात झाली तीही शेजारीच. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली भागात चाचणी प्रकल्प झाले. २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. त्यानंतरची बरीच वर्षे काम रखडत चालले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २० टक्क्यांसाठी २०३० ची मुदत ठेवली होती, ती पुढे २०२५-२६ वर आणली गेली. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये पूर्ण झाला आणि २० टक्क्यांचा २०२५ मध्ये. मिश्रणाचा हा वेग रस्त्यावरच्या गाड्या बदलण्याच्या वेगापेक्षा फार जास्त होता. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

जिल्ह्यात कागल, वारणानगर, शिरोळ अशा ठिकाणच्या कारखान्यांना जोडून डिस्टिलऱ्या आहेत. इथेनॉल तीन मार्गांनी मिळते: साखर पूर्ण काढून उरलेल्या सी-हेवी मळीपासून, थोडी साखर राखलेल्या बी-हेवी मळीपासून आणि थेट रसापासून. एक टन उसाच्या सी-हेवी मळीतून साधारण १० ते ११ लिटर इथेनॉल निघते. तोच ऊस सगळा रसातून इथेनॉलकडे वळवला तर सुमारे ७० लिटर. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली, ती पुढच्या हंगामासाठी उठवली. मध्यंतरी मका आणि तांदळापासूनच्या इथेनॉलचा वाटा बराच वाढला. आज टाकीत पडणारे इथेनॉल उसाचेच असेल असे नाही.

ॲव्हरेज का पडते, याचे उत्तर इथेनॉलच्या उष्मांकात आहे. एक लिटर इथेनॉल पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा देते. ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न येता दाब सोसण्याची इंधनाची क्षमता, मात्र जास्त असते, म्हणून ई२० चे ऑक्टेन ९५ पर्यंत जाते. पण त्याचा फायदा जास्त कॉम्प्रेशनसाठी बांधलेल्या इंजिनालाच मिळतो. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० वर जुळवलेल्या चारचाकीत ई२० मुळे इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटते. ई१० साठी बनवून ई२० वर जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्क्यांनी. लिटरला १८ किलोमीटर देणारी जुनी गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर फिरत असेल आणि घट ६ टक्के धरली, तर सुमारे ३५ लिटर पेट्रोल जादा लागते. लिटरला १०५ रुपयांनी हे वर्षाला ३,७०० रुपयांच्या आसपास जातात. ही रक्कम कुठल्याच बिलावर दिसत नाही, म्हणून कुणी हिशोबात धरत नाही. दहा वर्षांच्या छोट्या गाडीसाठी ती लहान नाही.

सुट्या भागांचे गणित गाडी कधी बनली यावर अवलंबून आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे साहित्य ई२० ला चालणारे आहे. अनेक गाड्यांत पेट्रोलच्या झाकणापाशी तसा स्टिकर असतो. त्याआधीच्या गाडीचे मॅन्युअल बहुधा ई१० पर्यंतच परवानगी देते. अशा गाडीत रबरी होज (नळ्या), ओ-रिंग, गाडीतल्या इंधनपंपाचे गॅस्केट (गळती रोखणारी पट्टी) ही पहिली तपासण्याची ठिकाणे. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की, काही जुन्या गाड्यांत रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात आणि तो खर्च फार नाही. खर्च भागाचा कमी आहे हे खरे. पण अनेक छोट्या गाड्यांत पंप आणि फिल्टर टाकीच्या आत एकत्र असतात, त्यामुळे मागची सीट काढा किंवा टाकी उतरवा, यातच लेबर वाढते. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. गाडी चढाला गुदमरू लागली तर इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) बदलण्याआधी फिल्टर बघावा.

कोल्हापूरपुरता सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी मिश्रणात विरघळते, मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाला बसतात. टाकीतल्या इंधनपंपाचे तोंड नेमके तळाशी असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी वस्त्यांत शिरले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि कित्येक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीचे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवले की दोन थर स्पष्ट दिसतात. खालचा थर आत गेलेल्या पाण्यापेक्षा जाड असतो, कारण त्यात इथेनॉलही उतरलेले असते. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन घटलेले असते, तेही वापरू नये. टाकी पूर्ण रिकामी करून धुणे, फिल्टर बदलणे आणि मगच इग्निशन देणे हा क्रम चुकला तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात.

नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात इथेनॉलचा वाटा थोडाच असतो. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल त्याला तीन-साडेतीन लिटर ऑइल, ऑइल फिल्टर, गरजेनुसार एअर फिल्टर आणि प्लग लागतात. ब्रेक, क्लच, अलाइनमेंट, बॅलन्सिंग यांचा इंधनाशी संबंध नाही. गगनबावडा, आंबा, आंबोलीचे घाट करणाऱ्या गाड्यांत यांचाच खर्च जास्त निघतो. उद्यमनगरातला अनुभवी मिस्त्री आणि कंपनीचे वर्कशॉप यांच्या बिलांत मुख्य फरक लेबरचा आणि ‘इंजेक्टर क्लीनिंग’सारख्या जादा कामांचा असतो. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसताना, गाडी नीट उचलत असताना केवळ ई२० च्या नावाने क्लीनिंग करून घेण्याची गरज नाही. जॉबकार्डवर कोणता भाग का बदलला हे लिहून घ्यावे आणि काढलेला भाग मागून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या दरपत्रकाने बिल होत नाही ना, हे बघणे ग्राहकाचा हक्क आहे.

सीएनजी बसवलेल्या गाड्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. गाडी पेट्रोलवर सुरू होऊन लगेच गॅसवर जाते, त्यामुळे टाकीतले तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहते आणि पावसाळ्यात ओल धरते. अशा गाडीने पेट्रोल थोडे थोडे भरावे आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावी.

किमतीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कमी ऊर्जेची भरपाई म्हणून मिश्र इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे, अशी शिफारस निती आयोगाच्याच आराखड्यात होती. २०२५ मध्ये मंत्रालयाने सांगितले की, वाहतूक आणि जीएसटी धरून इथेनॉल सरासरी ७१.३२ रुपये लिटरने पडते व रिफायनरीतून निघणाऱ्या, कर न धरलेल्या पेट्रोलपेक्षा महाग आहे. यात तेल कंपन्यांची अडचण कळते, गाडीमालकाची मिटत नाही. त्याला लिटरमागे पूर्वीइतकेच पैसे देऊन कमी अंतर मिळते आणि जुन्या गाडीसाठी ई१० हा पर्याय बहुतेक पंपांवर उरलेला नाही. तो पर्याय ठेवावा म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.