टाकीच्या तळाशी काय साचते: हौशी विमानांच्या इंधन-गाळणीची पार्श्वभूमी

1929 मध्ये मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या गावी बर्नार्ड पिटनपोल यांनी फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन बसवून स्वतः बांधलेले विमान उडवले. त्या काळच्या मोटारींत टाकीतून उतरणारे पेट्रोल गाळ साचवणाऱ्या एका वाटीतून पुढे जाई. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाला बसते. म्हणून सगळ्यात खाली वाटी, आत बारीक जाळी आणि बुडाशी तोटी. विमानातला गॅस्कोलेटर म्हणजे हीच वाटी. पेट्रोल टाकीत ओततानाच शॅमॉय या मऊ कमावलेल्या कातड्यातून गाळून घेण्याची रीतही तेव्हाचीच. कातडे पाणी अडवायचे, पण ते आधीच ओले असले तर भरवसा नाही.

पुढे अमेरिकेत कारखान्यातल्या लहान विमानांसाठी नियम आले. टाकीच्या तळाशी क्षमतेच्या निदान 0.25 टक्के पाणी मावेल असा खोलगा हवा आणि विमान जमिनीवर नेहमीसारखे उभे असताना तो रिकामा करता आला पाहिजे, असे त्यांत होते. घरी बांधलेल्या विमानाला हे बंधन नाही. तोटी कुठे बसवायची, हे बांधणाराच ठरवतो, आणि खरी गोम इथेच आहे. शेपटीखाली चाक असलेले विमान मागे कलून उभे राहते, तर अमेरिकन विमान-रचनाकार बर्ट रुटान यांचे लाँग-ईझी हे विमान नाक टेकवून. उभे असतानाची सखल जागा उड्डाणात सखल राहीलच असे नाही.

1975 मध्ये रुटान यांचे व्हेरीईझी उडाले, हौशी मंडळी फोम आणि फायबरग्लासकडे वळली आणि घाणही बदलली. गंजाऐवजी टाकीत काचतंतू आणि घासकामाची पूड राहू लागली. धातूच्या टाक्यांत गळती थांबवण्यासाठी आतून फिरवलेला लेप काही वर्षांनी पापुद्रे सोडी आणि जाळी तुंबवी. दुरुस्तीनेच बिघाड आणावा, असला हा प्रकार. गॅस्कोलेटर तापलेल्या इंजिनाजवळ असला तर पेट्रोलची वाफ होण्याची धास्ती वेगळीच. म्हणून फ्युएल इंजेक्शनवाल्या विमानांत काहींनी तो काढून विजेच्या पंपाआधी बारीक फिल्टर बसवला.

1982 पासून अमेरिकेत काही विमानांना मोटारीचे पेट्रोल चालवायची मुभा मिळाली. पुढे त्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे एक अल्कोहोल, मिसळले जाऊ लागले. आपल्याकडच्या ई-20 मध्येही तेच. इथेनॉल पाणी विरघळवून घेते, त्यामुळे तोटीतून काढलेला नमुना स्वच्छ दिसतो. वर गारठ्यात मात्र पाणी-अल्कोहोल वेगळे होऊन तळाला उतरू शकते. म्हणून अशा पेट्रोलची परीक्षा उलटी होते: नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, वर पेट्रोल ओतून हलवायचे, आणि पाण्याची रेघ खुणेच्या वर चढली, म्हणजे पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरले, की ते पेट्रोल विमानात घालायचे नाही.