लाकडी आमिष-मासा व त्याची राउटरघडण

लहान मासा, बेडूक किंवा कोळंबी यांच्या आकारात लाकडातून घडवलेले, पोटाशी वजन व गळ बसवलेले कृत्रिम आमिष. गळाने मासेमारी करणाऱ्यांत त्याला ‘प्लग’ म्हणतात. त्याचे अंग बहुधा 5 ते 15 सेंमी. लांब असते. गोलाकार अंगे लेथवर कातली जातात. चपट्या बगलांची अंगे पूर्वी चाकूने, पुढे करवत, कानस आणि राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारे विजेचे यंत्र) यांनी घडवली जाऊ लागली. बोटाएवढा तुकडा मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या पात्याजवळ न्यायचा असल्यामुळे या घडणीत कौशल्याचा मोठा भाग तुकडा कसा धरायचा आणि कोणता काप आधी घ्यायचा यातच खर्ची पडतो.

उगम : लाकडी आमिषाचा जनक म्हणून अमेरिकन संदर्भग्रंथ बहुधा मिशिगन राज्यातील डोवॅजिॲक गावच्या जेम्स हेडन (1845–1911) याचे नाव देतात. हेडन मूळचा मधमाश्या पाळणारा. मधपेटीच्या रचनेतील सुधारणांमुळे त्या क्षेत्रातही त्याचे नाव घेतले जाते. गिरणीच्या तळ्याकाठी बसून चाकूने तासलेली ढलपी त्याने सहज पाण्यात टाकली आणि बास जातीच्या माशाने तिच्यावर झेप घेतली, अशी कथा सर्वत्र आढळते. या प्रसंगाचे साल कुठे 1880 च्या दशकाच्या अखेरचे, तर कुठे 1890 च्या दशकातले दिलेले असते. कथा उत्तरकालीन असावी. मित्रांसाठी त्याने कोरलेले लाकडी बेडूक साधारण 1898 च्या सुमाराचे मानतात, आणि 1902 मध्ये मिळालेल्या पेटंटपासून पुढचा इतिहास कागदोपत्री भक्कम आहे. तेव्हा हेडनला शोधाचे श्रेय देण्यापेक्षा व्यापारी उत्पादनाचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक ठरते.

याचे एक कारण जपानमधील ‘एगी’ हे आहे. कागोशिमा परिसरात माकूळ पकडण्यासाठी वापरले जाणारे हे कोळंबीच्या आकाराचे लाकडी आमिष एदो कालखंडातील, म्हणजे हेडनच्या बरेच आधीचे मानले जाते. रात्री मशालीचे जळके लाकूड पाण्यात पडले आणि माकुळाने त्याला विळखा घातला, अशी त्याचीही उत्पत्तिकथा आहे. दोन दूरच्या प्रदेशांत पाण्यात पडलेल्या लाकडाचीच गोष्ट सांगितली जावी, यावरून अशा कथांचे मोल ओळखावे. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोक गोठलेल्या सरोवरांवर भाल्याने मासे मारताना लाकडी मासा पाण्यात हलवत ठेवतात. काही अभ्यासक त्यालाही पूर्वज मानतात. पण त्याला गळ नसतो, म्हणून त्याची गणना वेगळी करणे बरे.

पुढील टप्प्यांबाबत वाद नाही. इंडियाना राज्यातील क्रीक चब कंपनीला तोंडाशी धातूची जीभ बसवण्याच्या रचनेचे पेटंट 1920 मध्ये मिळाले. या जिभेमुळे आमिष ओढताना खाली बुडते आणि डोलते. फिनलंडमध्ये लाउरी रापाला याने 1936 मध्ये बुचाचे आमिष चाकूने कोरले. त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद व वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा लेप होता. बाल्सा लाकूड त्याने नंतर स्वीकारले.

राउटरच्या उगमाबद्दलही मतभेद आहेत. न्यूयॉर्क राज्यातील बफलोच्या केली कंपनीने 1905 च्या सुमारास विजेवरचे अवजड राउटर बनवले होते, असे एक मत आहे. त्याच राज्यातील आर. एल. कार्टर याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्हाव्याच्या विजेच्या यंत्राची मोटर वापरून हातात धरता येणारे यंत्र केले, असे दुसरे. हाती धरण्याजोगे यंत्र हा निकष ठेवला तर कार्टरचे पारडे जड होते. त्याचा व्यवसाय 1929 मध्ये स्टॅन्ली कंपनीने घेतला. पाते वरून खाली उतरवता येणारे राउटर जर्मन ‘एलू’ कंपनीने 1950 च्या आसपास आणले. आमिषाच्या कामाला मात्र टेबलाखाली उलटे बसवलेले राउटरच सोयीचे, कारण दोन्ही हात तुकड्यासाठी मोकळे राहतात.

घडण : लाकूड चौकोनी असतानाच सर्व सरळ कामे उरकतात. जिभेची खाच, वजनाची भोके, गळाच्या कड्यांच्या जागा, आरपार तार घालायची असल्यास तिची चीर, हे सारे सपाट बाजू टेबलावर टेकते तोवर बिनचूक होते. अंग गोलावल्यावर तोच तुकडा शिकंजात नीट बसत नाही. त्यानंतर बाजूचा आकार करवतीने आखलेल्या रेषेबाहेर 1–2 मिमी. ठेवून कापतात. राउटरला काढायला इतकेच लाकूड उरले पाहिजे. जास्त उरले तर पाते तुकडा ओढून घेते.

आकार नेमका करण्यासाठी फर्मा, म्हणजे हव्या आकाराचा नमुना, वापरतात. प्लायवुडचा फर्मा तुकड्यावर पक्का करून पात्यावरचे बेअरिंग (मोकळे फिरणारे लहान चाक) फर्म्याच्या कडेवरून फिरवले जाते. बाल्सासारख्या मऊ लाकडावर बेअरिंग थेट टेकवले तर त्याच्या दाबाचा चर उमटतो, हेही फर्म्याच्या बाजूचे एक कारण. दुहेरी चिकटपट्टीने फर्मा धरण्याची पद्धत आहे, पण भुसा लागलेल्या पृष्ठावर ती धरत नाही आणि बाल्साचे तंतू सोलून काढते. दांडीचे क्लॅम्प बसवलेला, तुकड्यापेक्षा बराच मोठा लाकडी धारक अधिक खात्रीचा.

कडांची गोलाई हा सर्वांत फसवा भाग. गोलाईच्या पात्याचे बेअरिंग धारेच्या वर असते आणि ते कडेच्या न कापलेल्या पट्टीवर टेकून चालते. अंग 18 मिमी. जाड असेल आणि पात्याची त्रिज्या 9 मिमी. असेल, तर पहिली बाजू व्यवस्थित होते. तुकडा उलटा केला की बेअरिंगसमोर आधीच गोल झालेला भाग येतो, टेकायला काही उरत नाही आणि पाते आत घुसते. तुकडा हातातून निसटतो किंवा बोटे पुढे जातात. म्हणून त्रिज्या जाडीच्या निम्म्याहून बरीच कमी घेतात. याच जाडीला 6 मिमी. त्रिज्या घेतल्यास मधोमध 6 मिमी.ची सपाट पट्टी राहते. बेअरिंगला ती पुरते, आणि राहिलेला सपाटपणा कानस व पॉलिशपेपरने घालवता येतो. संपूर्ण गोलाई राउटरवरच साधण्याचा हट्ट धरू नये.

लाकडाच्या रेषेचाही, म्हणजे तंतूंच्या दिशेचाही, विचार लागतो. माशाचे अंग मध्ये रुंद व दोन्ही टोकांना निमुळते असल्याने रुंद भागाकडून टोकाकडे जाताना काप रेषेबरोबर पडतो, टोकाकडून रुंद भागाकडे येताना रेषेविरुद्ध. टेबलावर पाते वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरते, त्यामुळे तुकडा पात्याच्या पुढून उजवीकडून डावीकडे सरकवावा लागतो. प्रत्येक वळणाचा निम्मा भाग साहजिकच रेषेविरुद्ध येतो. उपाय म्हणजे तो निम्मा तेवढा सोडणे आणि तुकडा उलटा करून दुसऱ्या पृष्ठावरून पुरा करणे. फर्मा असेल तर तोही त्या बाजूला बसवावा लागतो. पात्याच्या फिरण्याच्या दिशेने तुकडा सरकवणे मोठ्या फळीवर अनुभवी सुतार क्वचित करतो, लहान तुकड्यावर ते सर्वथा वर्ज्य आहे. नाक व शेपटीशी आडवा छेद येतो आणि झटका बहुतेक वेळा तिथेच बसतो.

सुरक्षितता : 25 मिमी. व्यासाचे पाते मिनिटाला 22,000 फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याची धार सेकंदाला सुमारे 29 मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. हात पात्यापासून किमान 15 सेंमी. दूर असावेत असा सर्वसाधारण दंडक आहे. 8 सेंमी.चे आमिष नुसत्या हाताने धरून तो पाळता येणे शक्यच नाही. त्यामुळे धारक तरी वापरावा, नाहीतर 40–50 सेंमी.ची पट्टी अखंड ठेवून तिच्या टोकाला आमिष घडवावे आणि अगदी शेवटी ते करवतीने वेगळे करावे. दुसरी रीत जुन्या कारागिरांना पसंत दिसते, आणि ती रास्तही आहे, कारण तिला पट्टीखेरीज दुसरी कोणतीही वस्तू लागत नाही. फर्म्याने काम करताना टेबलात पात्याशेजारी आधाराची खुंटी बसवतात. तुकडा आधी खुंटीला टेकवून मग बेअरिंगकडे वळवला की पहिला झटका टळतो.

पाते बदलताना वीजजोडणी काढणे, पात्याचा दांडा राउटरच्या चिमट्यात (दांडा आवळून धरणाऱ्या भागात) तळापर्यंत नेऊन 2–3 मिमी. वर घेऊनच आवळणे, चष्मा व कर्णरक्षक वापरणे हे नेहमीचेच. हातमोजे मात्र घालत नाहीत, कारण त्यांचा धागा पात्यात गुंततो. भुशाकडे दुर्लक्ष फार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा 1995 मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातला. आमिषासाठी लोकप्रिय असलेल्या पश्चिमी तांबड्या सीडरच्या भुशातील प्लिकॅटिक आम्लाने दम्याचा विकार होऊ शकतो.

लाकडे : पांढरा व तांबडा सीडर, बासवुड, जेलुटाँग, पॉलोनिया ही राउटरला मानवणारी. बाल्साची घनता घनमीटरला साधारण 160 किग्रॅ., म्हणून चाकू व पॉलिशपेपर त्याला पुरे पडतात. राउटर लावणे अनाठायी होय.

महाराष्ट्रात छंद म्हणून गरवणाऱ्यांच्या हाती आता मुख्यतः प्लॅस्टिकची तयार आमिषे दिसतात. कोकणच्या खाड्यांत जिताडा व तांबोशी त्यांवर लागतात. स्थानिक लाकडांपैकी पांगारा व सावर हलकी आहेत. सागवान कातायला चांगले, पण जड आणि तेलकट. रंग त्यावर नीट बसत नाही आणि त्याच्या भुशाने काहींच्या त्वचेला खाज सुटते.