चार मिमीचा आयपीस कपाटातच बरा

माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर भल्यामोठ्या आकड्यांत छापलं होतं: ४८७ पट! आरसा १३० मिमीचा, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर) ६५० मिमी. सोबत २५, १० आणि ४ मिमीचे तीन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, वर तीन पट बार्लो, म्हणजे विशालन तिप्पट करणारं जोडभिंग. हिशोब खोटा नव्हता. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागलं की विशालन मिळतं. ६५० भागिले ४ म्हणजे १६२, बार्लोने तिप्पट केलं की ४८७.

पहिल्याच रात्री गच्चीवर हा सगळा डोलारा शनीवर रोखला. दिसलं काय, तर धुरकट काचेमागे थरथरणारी लिमलेटची गोळी. वैतागून १० मिमीचा लावला. ६५ पटच, ग्रह इवलासा, पण कडं कसं कोरून काढल्यासारखं!

आरसा जेवढा प्रकाश गोळा करतो तेवढाच आपल्या वाट्याला येतो, तो ताणावा तितका फिका पडतो. किती बारीक तपशील दिसणार हेही आरशाचा व्यासच ठरवतो. म्हणून आरशाचा व्यास मिमीमध्ये घ्या आणि दुप्पट करा. १३० मिमीला २६०, त्यापुढे नुसता फुगवटा. तीही मर्यादा गाठायला हवा शांत लागते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असताना माझ्या गच्चीवर १५० च्या वर क्वचितच काही हाती लागतं.

शिवाय ग्रह पळतो. पृथ्वी फिरते म्हणून आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. त्या ४ मिमीच्या फुकट आयपीसमधलं दृश्य साधारण ३० अंशांचं. ते भागिले १६२ पट, म्हणजे आकाशाचा ०.१८ अंशाचा तुकडा. ग्रह एका कडेने आत आला की पाऊण मिनिटात दुसऱ्या कडेने बाहेर. घरातल्या पोराला हाक मारेपर्यंत शनी गायब!

म्हणून पैसे मोजकेच असतील तर पहिली खरेदी ६६ अंशांचं दृश्य दाखवणाऱ्या ६ मिमी आयपीसची करा. १०८ पट विशालन, ०.६ अंशाचं क्षेत्र. पौर्णिमेचा अख्खा चंद्र मावतो आणि ग्रह जवळपास अडीच मिनिटं टिकतो. याच मापाचा प्लॉसल प्रकारचा आयपीस घेऊ नका. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमॉन प्लॉसल यांनी १८६० मध्ये केलेली ही रचना लांब नाभीय अंतराला फार छान, पण ६ मिमीला डोळा काचेला इतका खेटावा लागतो की पापण्यांचं तेल भिंगावर उमटतं. चष्मेवाल्यांनी तर नादच सोडावा.

याउलट ३२ मिमीचा प्लॉसल चष्म्यासकट वापरता येतो. २० पट, २.६ अंश, कृत्तिकांचा सगळा पुंजका एका नजरेत. गावाकडच्या अंधारात तो हवाच. शहरात मात्र त्यातून आकाश राखाडी दिसतं. आणि त्यातून निघणारा प्रकाशाचा झोत ६.४ मिमी रुंद असतो. पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली बहुधा तेवढी उघडत नाही, उरलेला प्रकाश वाया. शहरातल्या गच्चीला सोबत आलेला २५ मिमीचा पुरे.

स्वस्तातले २० मिमीचे रुंद दृश्याचे आयपीस माझ्यासारख्या आखूड, एफ/५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाच पट) दुर्बिणीत निराश करतात; कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात. एफ/८ किंवा एफ/१० वाल्यांना तेच चालून जातात. आयपीस बसतो त्या नळीचं माप मात्र आधी तपासा. सव्वा इंची आयपीस आता सर्रास मिळतात, पण जुन्या छोट्या दुर्बिणींना ०.९६५ इंची लागतात. वांगणीसारख्या ठिकाणी आकाशदर्शनाला गेलात तर कुणाचा तरी आयपीस मागून आपल्या दुर्बिणीत लावून बघा. आकाशवेडी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

घेतल्यावर भिंग शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही. जून उजाडला की सगळे आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशीची जाळी धरते. माझा एक प्लॉसल तसाच गेला.