फळमाशीच्या रक्तपेशींतील जनुकीय वैविध्य

पिकल्या फळावर जमणारे चिलट म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. त्याच्या अळीतील रक्तपेशींची संख्या, प्रकारांचे प्रमाण आणि हल्ल्यासाठीची सज्जता या तिन्ही गोष्टी वाणागणिक बदलतात. (बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती टेफ्रिटिडी कुलातली, निराळी.)

निरोगी अळीत 90 टक्क्यांहून अधिक पेशी प्लाझ्मॅटोसाइट असतात. त्या जंतू गिळतात. सुमारे 5 टक्के स्फटिकपेशी असून जखम काळी पाडणारे विकर त्यांच्यात साठलेले असते. चपट्या, मोठ्या लॅमेलोसाइट एरवी जवळपास दिसतच नाहीत. परजीवी गांधीलमाशीने अळीत अंडे घातले की त्या तयार होतात आणि अंड्याभोवती थर रचून त्याला कोंडतात.

रक्तपेशींची घडण सर्पंट जनुकापासून सुरू होते. पुढे ग्लियल सेल्स मिसिंग हे जनुक प्लाझ्मॅटोसाइटकडे, तर लोझेंज हे जनुक स्फटिकपेशीकडे नेते. यू-शेप्ड जनुक स्फटिकपेशींना लगाम घालते. त्याची एकच प्रत शाबूत असली तरी त्या वाढतात.

काही उत्परिवर्तने (जनुकातील बदल) नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. ब्लॅक सेल्स या वाणात स्फटिकपेशी आतल्या आत काळ्या पडतात, त्यामुळे अळीच्या पारदर्शक त्वचेखाली ठिपके विखुरलेले दिसतात. एक्स गुणसूत्रावरील हॉपस्कॉच जनुकाच्या ट्यूमरस-लीथल रूपात जॅक-स्टॅट हा पेशीला बाहेरून आलेला संदेश जनुकांपर्यंत पोचवणारा मार्ग सतत चालू राहतो. गांधीलमाशी नसतानाही लॅमेलोसाइट बनतात आणि काळ्या गाठी धरतात. 29 अंश सेल्सिअसला हा परिणाम 25 अंशांपेक्षा तीव्र असतो, म्हणून तापमान न नोंदवलेली तुलना निरर्थक.

निसर्गातील वैविध्य इतके ठळक नसते, पण निवडीला चटकन प्रतिसाद देते. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असोबारा टॅबिडा या गांधीलमाशीविरुद्ध पाच पिढ्या निवड केल्यावर तगणाऱ्या अळ्यांचे प्रमाण सुमारे 5 टक्क्यांवरून निम्म्याच्या वर गेले. अशा वाणांत रक्तपेशी जवळपास दुप्पट आढळल्या. मात्र अन्न तोकडे असताना याच अळ्या स्पर्धेत मागे पडल्या, कारण त्या खातातच सावकाश. संख्या हेच सर्वस्व नव्हे: निवडलेल्या माश्यांत काही पेशी संसर्गाआधीच अर्ध्या सज्ज स्थितीत असतात, असे पुढे एकेका पेशीच्या आरएनए-विश्लेषणातून दिसले. सेशेल्स बेटांवरील जवळच्या ड्रॉसोफिला सेशेलिया या जातीत तर अंडे पडल्यावरही लॅमेलोसाइट बनत नाहीत.

मोजणीत बहुतेक घोटाळे जनुकांमुळे नव्हे, वयामुळे होतात. पेशी वयाबरोबर झपाट्याने वाढतात, म्हणून दोन ते चार तासांच्या अवधीत घातलेलीच अंडी घ्यावीत आणि अळ्यांची गर्दी सारखी ठेवावी. अळी धुऊन, काचपट्टीवर 10 ते 20 मायक्रोलिटर बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) बारीक चिमट्याने त्वचा फाडतात. बफरमध्ये फिनाइलथायोयुरिया नसेल तर थेंब काळवंडतो. बऱ्याच पेशी त्वचेला आतून चिकटलेल्या असतात. अळी काचेच्या मण्यांसह घुसळून त्या सुटल्या नाहीत, तर मोजणीत फक्त फिरत्या पेशीच येतात. स्फटिकपेशी बाहेर काढताच फुटतात. त्यामुळे अळी 60 अंशांवर 10 मिनिटे तापवून, काळे ठिपके त्वचेतूनच मोजणे बरे. कोषाच्या उंबरठ्यावरची अळी टाळावी: तेव्हा लसीका ग्रंथी (रक्तपेशी घडवणारा अळीचा अवयव) फुटून तिच्यातल्या पेशी रक्तात उतरतात आणि आकडा अचानक फुगतो.