नकाशावरचे चारशे मीटर

एखादी नवी वस्ती शाश्वत आहे की नाही हे ठरवायला आता जगभर गुणपत्रिका तयार आहेत. अमेरिकेची 'लीड', ब्रिटनची 'ब्रीम', जपानची 'कॅस्बी', आपली 'ग्रिहा'. 'लीड'च्या वस्तीसाठीच्या आवृत्तीत ११० पैकी ८० गुण पडले की प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. घरापासून शाळा-दुकानं किती लांब, बसथांबा कुठे, पावसाचं पाणी मुरतं की वाहून जातं, असे बरेच रकाने त्यांत असतात.

यातला अंतराचा रकाना जुना आहे. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजकाने १९२९ साली न्यूयॉर्कच्या आराखड्यासाठी शेजारवस्तीची कल्पना मांडली: मधोमध शाळा, साधारण पाव मैलाची त्रिज्या, मोठे रस्ते बाहेरून. पाव मैल म्हणजे चारशे मीटर. घोळ आहे तो त्रिज्येत. कंपास टेकवून काढलेलं वर्तुळ कावळ्याच्या कामाचं. माणसाला रस्त्याने जावं लागतं. म्हणून चालण्याच्या अंतराला सरळ रेषेच्या अंतराने भागून बघतात. चौकटीच्या रस्त्यांत हे गुणोत्तर फार तर १.४ पर्यंत जातं. मध्ये एखाद्या संकुलाची भिंत आणि एकच गेट आलं, की दोन-तीनच्या पुढे सहज. मोबाइलवर आपल्या घरापासून भाजीवाल्यापर्यंत मोजून बघा, बिल्डरच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

पण माझा खरा आक्षेप मोजण्याच्या वेळेवर आहे. गुण बहुधा आराखड्याला किंवा नुकत्याच बांधून झालेल्या वस्तीला मिळतात. वस्तीचं वागणं कळायला मात्र काही पावसाळे जावे लागतात.

नवी मुंबईच बघा. १९७० साली सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं, वीस लाख लोकांचं शहर नोड (म्हणजे छोटी उपनगरं) आणि सेक्टरांत आखलं गेलं. वाशीपर्यंत लोकल यायला १९९२ उजाडलं, आणि तिच्या खर्चातला मोठा वाटा सिडकोने उचलला होता. आधी राहायला आलेल्यांचं 'सार्वजनिक वाहतूक' या रकान्यात काय झालं असेल, सांगायला नको.

त्याहून बोलकी गोष्ट धारण तलावांची. शहराचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पाणी खाडीत जाऊच शकत नाही. म्हणून नाल्यांच्या तोंडाशी तलाव ठेवले आणि त्यांना बाहेरच्या बाजूने उघडणारी झडपेची दारं बसवली. भरतीच्या दाबाने दार मिटतं, पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने दार उघडतं. पंप नाही, वीज नाही. कागदावर याला पैकीच्या पैकी द्यावेत असंच काम!

पण तलावांत गाळ बसत गेला. गाळ साचला तेवढी साठवण घटली, आणि दार पुरतं मिटेनासं झालं की भरतीचं खारं पाणी उलटं आत येऊ लागतं. अशा खाऱ्या गाळात खारफुटी रुजली. खारफुटीला उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण, त्यामुळे परवानगीशिवाय तिथे यंत्र उतरवता येत नाही. गाळ काढावा तर झाडं जातात, राहू द्यावा तर सेक्टरात पाणी शिरतं. दोन्ही बाजू 'पर्यावरण' याच सदरात मोडतात, आणि गुणांची बेरीज करणाऱ्या तक्त्यात अशी भांडणं दिसत नाहीत.

दर मे महिन्यात गाळाची खोली मोजायची कोणी आणि उपसायचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकातून, हा रकाना मी तरी प्लॅटिनमच्या आधी भरून घेतला असता.